देवाजी काका आणि किंचित डावीकडे पाहणारा बुद्ध

यंदाच्या बुद्धपौर्णिमेला, सकाळी बरोबर दहा वाजता, देवाजी काकांवर अन्याय झाला. भिलाईजवळ, रसमडा गावाच्या पुढे, धानाच्या बांध्यांमध्ये उभ्या असलेल्या तीन मजली बुद्धमूर्तीपाशी संगमरवरी पाटीचं अनावरण झालं. पाटीवर अकरा नावं. पाहुणे आणि पाहुण्यांचे पाहुणे. ज्या माणसानं मूर्तीचं डोकं खांद्यांवर चढवलं, त्याचं नाव नाही! तो माणूस तेव्हा सगळ्यांच्या चपला सांभाळत होता.

मी त्याच दुपारी पत्रक काढलं, ‘जाब द्या!’ पुढच्या रविवारी पाहते तर काका त्याच पत्रकांचे द्रोण करून भिजवलेले चणे वाटत होते.

“काका, हा लढा आहे!”

“कागद चांगला जाड आहे पोरी. अजून छाप.”

काका मूळचे भंडाऱ्याकडचे, आता भिलाईत, हुडको वसाहतीत राहतात. पस्तीस वर्षं तिथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेनला हातानं इशारे दिले. तिथल्या आवाजात बोलणं ऐकूच येत नाही. बोट फिरलं की हूक वर, मूठ वळली की थांब. घरीही तेच. काकू भात वाढतात, ते मूठ दिसेपर्यंत.

मूर्तीचं डोकं चढवतानाही इशारे त्यांचेच होते. ओल्या सिमेंटवर डोकं टेकलं, वीतभर उजवीकडे फिरवायचं राहिलं, आणि शेजारच्या कारखान्याचा जेवणाचा भोंगा वाजला. सवयीनं काकांची मूठ वळली. क्रेनवाल्याला वाटलं, काम झालं. त्यानं साखळी सोडली. तेव्हापासून बुद्ध किंचित डावीकडे, भिलाईकडे पाहतात.

“चूक कोणाची, काका?”

“माही. पूरी माही.” मग मिशीत हसून, “पण शिफ्ट सुटल्यावर आपल्या लोकायकडं कोण पाह्यते? थे पाहून राह्यले ना!”

दर रविवारी काका खांद्यामागच्या लोखंडी शिडीनं चढून मूर्तीच्या तोंडावरची काजळी धूत. यंदा गुडघ्यांनी दगा दिला. मागच्या रविवारी ते खाली खुर्चीवर होते आणि मी वर, कमरेला त्यांचा जुना सेफ्टी बेल्ट. खालून बोट फिरत होतं. “कान राह्यला! डावा! तुले दिसत कावून नाही?”

उतरल्यावर मी पुन्हा पाटीचं काढलं. नाव कोरायला लावणारच, म्हटलं.

“नाव वाचाले तरी कोणी आलं पाह्यजे ना? रविवारी इथं चार माणसं दिसत नाहीत. माह्यामागं बुद्धाचं तोंड कोण धुवन, सांग.”

एवढ्या मागण्या छापल्या, नेमकी हीच राहिली होती.

ती मागणी आता लिहिते. पाटीवरचं नाव आम्ही भांडून मिळवू. तुम्ही रविवारी या. बादली आणा, जुनं सुती फडकं आणा. चपला स्वतःच्या स्वतः सांभाळा. खुर्चीवरून काकांचं बोट फिरलं की शिडी चढा. आणि मूठ वळेपर्यंत खाली उतरू नका.