ॲव्हरेज कुणी खाल्लं

माझे काका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मास्तर होते. गावातले निम्मे डॉक्टर, बँकेतल्या झाडून सगळ्या बायका आणि मी, असे आम्ही सगळे त्यांचा ओरडा खात गाडी शिकलो. "पाय काढा, क्लचवरून पाय काढा" हे ते दिवसभर इतक्यांदा म्हणत, की शिकाऊ मंडळींनी त्यांचं नाव पायकाढे सर ठेवलं होतं. काकांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काडीचंही वाटत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छोटी गाडी घेतली आणि तिच्या ॲव्हरेजच्या मागे हात धुऊन लागले. कंपनीने छापलेल्या आकड्यावर त्यांचा पहिल्या दिवसापासून राग होता. "कंपनीचं काय जातं बावीस म्हणायला? बंद खोलीत रुळांवर चाकं फिरवून काढतात ते. तिथे ना वारा, ना चढ, ना तुझी काकू शेजारी बसून एसी वाढवा म्हणायला." त्यांची गाडी अठरा द्यायची आणि ते अठरा त्यांनी स्वतः काढलेले होते. टाकी दर वेळी त्याच पंपावर फुल्ल करायची, नळी आपोआप बंद झाली की थांबायचं, वर एक थेंब घ्यायचा नाही. पंपावरचा माणूस त्यांना लांबून बघूनच कपाळाला हात लावायचा.

गाडीला तसं काम फार नव्हतं. मी औषधांच्या दुकानात नोकरीला, दुपारी हलता येत नाही, म्हणून माझ्या लेकीला शाळेतून पोहायच्या क्लासला न्यायचं आणि परत आणायचं हे काकांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. मास्तरकी सुटल्यापासून कुणीतरी आपली वाट बघतंय असं त्यांना तेवढ्याच वेळी वाटायचं. हे काही मी ताडलेलं नाही. जेवताना त्यांनी ते सरळ बोलून दाखवलं होतं आणि काकूने "माझी मेलीची मोजदादच नाही" म्हणून त्यांना आमटी वाढायची तशीच ठेवली होती.

आणि मग ॲव्हरेज पडलं. अठराचं सोळा झालं. काकांचा चेहरा घरात कुणी आजारी पडल्यासारखा झाला.

त्यांनी शांतपणे एकेक कारण तपासायला घेतलं. सकाळी गाडी थंड असताना चारही टायरांची हवा बघितली, दोनात कमी निघाली, ती भरली. टपावरचं कॅरियर उतरवून माळ्यावर टाकलं, कारण त्याला वारा अडतो. डिकीत काकूने रद्दीत द्यायच्या पुस्तकांची गोणी, दोन घडीच्या खुर्च्या आणि एक मोडका पंखा साठवला होता. तो संसार काढताना घरात वादावादी झाली, पण डिकी रिकामी झाली. एअर फिल्टर नवा आला. इंजिन तापायच्या आत संपणाऱ्या फेऱ्या बंद झाल्या. भाजीला ते चालत जायला लागले. त्यातही त्यांच्या एका पायातली चप्पल वाटेत निसटून मागे राहायची आणि हे तसेच पुढे जायचे. चपलांच्या दुकानदाराशी ते त्यावरून दोनदा भांडून आले होते.

एवढं करून ॲव्हरेज पंधरावर आलं आणि चढावर जळका वास यायला लागला.

गॅरेजवाल्याने क्लचप्लेट काढून दाखवली. ती पार झिजली होती. "ही अजून पुष्कळ चालायला पाहिजे होती, सर," तो म्हणाला. "कुणीतरी क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतंय. प्लेट अर्धवट सुटलेली राहते, इंजिन फुकट फिरतं, पेट्रोल जळतं."

हे काकांना सांगावं लागणं हाच मोठा विनोद होता, पण हसायची सोय नव्हती. कारण त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

"रविवारी गाडी कोण नेतं?"

"मी नेते. पण मला शिकवलं कुणी?"

"शिकवलं मी. चालवतेस तू."

नवी प्लेट बसली आणि गाडीची माझ्याकडची किल्ली गेली. मला असा राग आला म्हणता! क्लचवर पाय टेकला की हा माणूस पट्टीने गुडघ्यावर फटका मारायचा. त्या धाकाने मी लाल दिव्यापाशीसुद्धा न्यूट्रल करून पाय खाली ठेवते. मी बोलणंच टाकलं. ते लेकीला सोडायला आले की तिला दारातूनच घ्यायचे आणि आत वळायचे. काकू म्हणाली, "दोघंही एका माळेचे मणी, मी कुणाचीही समजूत काढणार नाही."

पुढच्या वेळी टाकी फुल्ल केल्यावर काका थेट माझ्या दुकानात आले. गिऱ्हाइकांच्या मागे रांगेत उभे राहिले आणि नंबर लागल्यावर म्हणाले, "चौदा. तू नव्हेस." त्यांच्या तोंडून माफी एवढीच निघते. मग म्हणाले, "सुट्टी कधी आहे? माझ्या शेजारी बस आणि माझं काय चुकतंय ते बघ. मला दिसत नाहीये."

म्हणून त्या दुपारी मी त्यांच्या शेजारी बसले. लेकीला आम्ही क्लासला सोडलं आणि ती सुटेपर्यंत गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर गाडी घेतली. रस्ता मोकळा, गाडी चौथ्या गिअरमध्ये. मी वाकून बघितलं. त्यांचा डावा पाय क्लचवर होता.

"काका, पाय क्लचवर आहे तुमचा."

"वर आहे. टेकलेला नाही."

मास्तरांच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक असतात. शिकाऊ माणूस कधी काय करेल याचा नेम नसतो, म्हणून मास्तराने पाय पेडलच्या अगदी वर, अधांतरी धरायचे. टेकवायचे नाहीत, नाहीतर शिकणाऱ्याला गाडी कोण चालवतंय ते कळत नाही. काकांची सगळी नोकरी अशी पाय तोलण्यात गेली होती आणि स्वतःच्या गाडीतही तो पाय खाली जमिनीवर जायला तयार नव्हता. हे त्यांनीच मला समजावून सांगितलं, रस्त्यावरची नजर न हलवता. "सवय आहे ती. पण मी टेकवत नाही."

"गाडी बाजूला घ्या."

त्यांनी आरसा बघितला, सिग्नल दिला आणि शिस्तीत गाडी कडेला लावली. इंजिन बंद केलं. पाय होता तिथेच होता. मी हात खाली घालून चाचपलं. बूट पेडलवर सगळ्या वजनानिशी टेकला होता आणि पेडल बोटभर खाली गेलं होतं.

"आता कुठे आहे पाय?"

"वर."

मी त्यांना बूट आणि मोजा काढायला लावला. आधी अंगठा दाबला, मग करंगळी, मग नखाने तळव्याला चिमटा काढला. ते समोर बघत माझी वाट बघत बसले होते.

"कर ना सुरुवात," ते म्हणाले.

साखर त्यांना कितीतरी वर्षांपासून होती. गोळ्या माझ्याच दुकानातून जायच्या, त्यांनी एकही कधी चुकवली नव्हती, आणि पायांकडे आमच्यापैकी कुणीही बघितलं नव्हतं. दरवेळी दोष चपलेचा निघत होता.

चिमटा काढून झाला, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी दुसरा बूटही काढला. "हा बघ."

उजव्या पायाची टाच त्यांना कळत होती. बोटं कळत नव्हती.

"क्लचचं सोड," ते म्हणाले. "प्लेट जळेल, पेट्रोल जाईल, दुसरं काही नाही. हा ब्रेकचा पाय आहे."

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ आपण."

"जाऊ. ते उद्याचं झालं. आता पोरीचा क्लास सुटेल." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे तोंड वळवलं. "मी गाडी चालवतो. तिला मागे बसवशील?"

मला हो म्हणायचं होतं. त्यांच्या हातून कधी एक ओरखडासुद्धा उठलेला नव्हता. जवळचाच रस्ता, ओळखीची वळणं, मी शेजारी असणारच, हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. क्लासच्या दारात बॅग घेऊन त्यांच्या नावाने हाका मारणारी माझी पोरही डोळ्यांसमोर आली. मी काचेतून बाहेर बघत राहिले.

"नाही," मी म्हटलं.

"मग सांगायला एवढा वेळ का लावलास? रस्त्यावर एवढा वेळ मिळत नसतो."

आणि दोन्ही बूट हातात घेऊन ते माझ्या बाजूला यायला उतरले.