आबाजी आवासकराचा शनिवार

आबाजी आवासकर वेल्डिंग शिकवायचा आणि शनिवारी विस्तवाला हात लावायचा नाही. आता वेल्डिंगमधून विस्तव काढला तर उरतं काय, असं कुणी विचारेल, आणि बरोबरच विचारेल. पण आखातातल्या हुफूफ शहराबाहेर, खजुराच्या बागा संपतात तिथे, तेल कंपनीच्या एका कंत्राटदाराने काढलेल्या ट्रेनिंग सेंटरात हे तीन वर्षं बिनबोभाट चाललं होतं. तेलाचे भाव भडकले होते, रोज नवी पाइपलाइन निघत होती आणि वेल्डर दिवा घेऊन शोधला तरी सापडत नव्हता. जो शिकवतोय तो कसा शिकवतोय हे बघायला सवड होती कुणाला?

कॅम्पातल्या लोकांनी आपापल्या परीने कारण शोधून ठेवलं होतं. गुहागरचा सुतार दत्ताराम याची खात्री होती की आबाजी मारुतीचा कडक भक्त आहे. इथे रुईची पानं मिळत नाहीत याचं आबाजीपेक्षा त्यालाच जास्त वाईट वाटायचं. दर शनिवारी तो "माझ्यासाठी पण दोन शब्द टाक" म्हणून सांगून जायचा, आणि आबाजी "टाकतो" म्हणायचा. वर्गातल्या पोरांना वाटायचं, इकडे शुक्रवारची सुट्टी संपली की शनिवारी आठवडा सुरू, तेव्हा कंपनीने पहिला दिवस फळ्यासाठी ठेवला असेल. कंपनीला काहीच वाटत नव्हतं.

खरं कारण साधं होतं. आबाजी बेने इस्राएल होता, म्हणजे कोकणातला ज्यू. अलिबागजवळच्या आवासचा, शनवार तेल्यांच्या घरातला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून गाव त्यांना तसं म्हणायचं. आबाजी सामाजी आवासकर हे नाव मुंबईच्या एजंटाने एकदा वाचलं आणि धर्म न विचारता हिंदू लिहून मोकळा झाला. आबाजी समोरच बसला होता. ज्यू माणसाला या देशाचा व्हिसा मिळत नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि आवासमध्ये वेल्डरला काम मिळत नाही हेही. तो गप्प बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्याचा थोरला भाऊ आधीच इस्रायलला जाऊन बीरशेबात राहिला होता. आई मात्र गाव सोडायला तयार नव्हती. दोन्ही पोरं वाळवंटात गेली आणि एकमेकांच्या घरी जाता येत नाही, हे कसलं मेलं वाळवंट, असं ती येईल-जाईल त्याला विचारायची. आबाजी निघाला तेव्हा तिने त्याला एकच गोष्ट मागितली. नमाजाच्या देशात चाललास, प्रार्थना कर की नको करू, पण शनिवारी विस्तवाला हात लावू नकोस. तोपर्यंत आबाजी काही फार धार्मिक होता अशातला भाग नाही. पण आईने बाकी सगळं माफ केलं आणि एकच ठेवलं, म्हटल्यावर ते एक मोडायचं तरी कसं?

तर शनिवारी वेल्डिंगची टॉर्च थंड. आबाजी फळ्यावर सांध्यांची चित्रं काढायचा, पण सांध्यांची चित्रं काढून काढून किती काढणार? तासाभरात खडू संपायचा आणि गप्पा सुरू व्हायच्या. पोरं अठरा-वीस वर्षांची. बहुतेक हुफूफचीच, एक-दोन पॅलेस्टिनी. हिंदुस्तानात हत्तीवरून शाळेत जातात का इथून सुरुवात झाली आणि हळूहळू घर, शेती, लग्नं, भांडणं असं सगळं निघालं. कंपनीने आबाजीला वेल्डिंगसाठी ठेवलं होतं. हे शिक्षण दोन्ही बाजूंनी बिनपगारी होतं. त्याचं अरबी अडलं की दहाचा चहा घेऊन येणारा मेसचा हुसेनमियाँ शब्द पुरवायचा. मियाँ मुरुडचा, कॅम्पात पंधरा वर्षं मुरलेला.

पोरांमध्ये यासीन सगळ्यात हुशार. त्याचा हात असा स्थिर की आबाजी मनातल्या मनात जळायचा. यासीनचे वडील हुफूफला गणित शिकवत, मूळचे पॅलेस्टिनी, सफदचे, जे आता इस्रायलमध्ये गेलं. अठ्ठेचाळीस साली सगळं सोडून निघालेले. यासीनचा जन्म दमास्कसचा, सफद त्याने बघितलंसुद्धा नव्हतं, पण तिथल्या एकेका गल्लीचं नाव तो सांगायचा. यहुद्यांचा विषय निघाला की त्याचा आवाज चढायचा नाही, उलट उतरायचा. आबाजी अशा वेळी फळा पुसायला घ्यायचा. फळा स्वच्छ असला तरी.

त्या शनिवारी यासीनने आजोबांच्या तेलाच्या घाण्याची गोष्ट काढली. जैतुनाची फळं, दगडाची चक्की, ती ओढणारं खेचर. आबाजीने खडू खाली ठेवला. आमचाही घाणा होता, म्हणाला. बैलाच्या डोळ्यांवर झापड का बांधतात, पेंड कुणाला द्यायची, तेलात हात बुडवून भेसळ कशी ओळखायची, असं दोघांचं सुरू झालं आणि बाकीची पोरं जांभया द्यायला लागली. तेलाच्या देशात दोन तेली भेटले होते, आणि जमिनीखालच्या तेलाला दोघांपैकी कुणी तेल मानायला तयार नव्हता. आबाजी इतका खुशीत तीन वर्षांत कुणी बघितला नव्हता. यासीन म्हणाला, हंगामात आमची चक्की एक दिवस थांबायची नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, आबाजी बोलून गेला.

"आमचा शुक्रवारी दिवस मावळला की बंद. शनिवारी बैल चरायला. अख्ख्या गावाला ठाऊक, त्या दिवशी आवासकरांकडे तेल मागायला जायचं नाही."

यासीनने विचारलं, शुक्रवारी दिवस मावळल्यापासून? आबाजी हो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की शुक्रवारी मावळतीला सुरू होतो तो यहुद्यांचा शब्बाथ. हुसेनमियाँ चहाची थाळी घेऊन दारात उभा होता. त्याने ती खाली ठेवली, कुणाला चहा दिला नाही, आणि निघून गेला.

दुपारी मेसच्या मागे त्याने आबाजीला गाठलं. आमच्या शेजारी पण शनवार तेली होते, म्हणाला, मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, मी बोललो काय कुणाला? तुमच्या वाडवडिलांनी शतकानुशतकं कोकणात जीव जपला, आणि तू एका बैलापायी घालवलास. यासीनने तोंड उघडलं तर नोकरी जाणार हे नक्की होतं. नुसतं विमानात बसवतील की आधी कोठडीत, एवढाच प्रश्न होता. आणि तिकडच्या भावाचं नाव निघालं तर कोकणातल्या वेल्डरचा गुप्तहेर व्हायला वेळ लागणार नव्हता. आबाजीला भीती वाटत होती. पण त्याहून जास्त त्याला वाईट वाटत होतं, कारण तो घाण्याचा तास खरोखर फार छान गेला होता.

आठवडाभर यासीनने त्याला सलाम केला नाही. कामात चूक नाही, उर्मट शब्द नाही, फक्त सलाम नाही. त्यातच निरोप आला की खोबर शहराहून परीक्षक येणार, आणि येणार ते नेमके शनिवारी. सहामाही परीक्षेची रीत अशी की आधी मास्तराने सगळ्यांसमोर एक सांधा जोडून दाखवायचा, मग पोरांनी. आबाजीने दिवस बदलून मागितला. कारण विचारलं तेव्हा पोट बिघडलंय म्हणाला. पोट चार दिवस आधी बिघडत नाही, असं ऑफिसने कळवलं. हुसेनमियाँने सांगून टाकलं की पेटव बाबा, तुझी आई काय बघायला येत नाही. तेच तर ना, आबाजी म्हणाला. ती बघत असती तर पेटवला असता, तिने समजून घेतलं असतं.

शनिवारी परीक्षक वहाब आले. इजिप्तचे, जाडजूड, उन्हाने त्रासलेले. पोरं भिंतीला लागून उभी राहिली. वहाबनी घड्याळ बघितलं आणि आबाजीला म्हणाले, यल्ला, चला. आबाजीने चष्मा लावला. टॉर्च उचलली. लायटर हातात घेतला. पेटवायचं त्याने ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं, पण हात ऐकेना. मिनिट गेलं. वहाबनी काय झालं म्हणून विचारलं.

यासीन भिंतीपासून पुढे आला, तेव्हा आबाजीने मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

यासीनने त्याच्या हातातून लायटर काढून घेतला आणि वहाबना सांगितलं की उस्ताद शनिवारी हात लावत नाहीत. शनिवारी पोरं काम करतात आणि उस्ताद नुसते उभे राहून चुका काढतात, इथली तशी पद्धत आहे. मग त्याने टॉर्च पेटवली आणि असा सांधा जोडला की वहाब तो खिडकीशी नेऊन बघत बसले. सगळा वर्ग पास झाला. वहाबना पद्धत एवढी आवडली की त्यांनी वर शिफारस केली, आणि काही महिन्यांनी पार लांबच्या हफ्र अल बातिनपर्यंतच्या सगळ्या सेंटरांत हुकूम गेला की शनिवारी कुठल्याही मास्तराने टॉर्चला हात लावायचा नाही. कितीतरी मुसलमान, हिंदू आणि ख्रिस्ती मास्तर त्यानंतर शब्बाथ पाळत होते. दत्तारामाला वाटलं, मारुतीने ऐकलं.

त्या परीक्षेच्या दिवशी वर्ग रिकामा झाल्यावर यासीन मागे थांबला. आबाजीने विचारलं, का?

"वडिलांना सांगितलं मी," यासीन म्हणाला. "ते म्हणाले, सफदला शनिवारी शेजारच्या यहुद्यांची चूल आम्हीच पेटवायचो. ते वडिलांचं काम होतं, लहान असताना. म्हणाले, शेजाऱ्याचा शनिवार मोडायचा नसतो."

मग त्याने विचारलं, तिकडे तुमचं कुणी आहे? नाही म्हणायला आबाजीला काही अडचण नव्हती. तीन वर्षं तो नाहीच म्हणत आला होता.

"भाऊ आहे," तो म्हणाला. "बीरशेबात."

"त्याला मनात आलं तर तो उद्या सफदला जाऊ शकतो?"

"जाऊ शकतो."

"वडील नाही जाऊ शकत. मीही नाही." यासीन हात पुसत होता. "कुणाला सांगणार नाही मी. पण मला तुमचा राग आला आहे, उस्ताद, आणि तो जाईल असं वाटत नाही."

आबाजी बरं म्हणाला. दुसरं काय म्हणणार? खोलीवर गेल्यावर तो रडला, हे हुसेनमियाँने बघितलं आणि डाळ जळली म्हणून उठून गेला. डाळ नव्हतीच त्या दिवशी.

पुढच्या शनिवारी यासीन येतो की नाही, याची आबाजीला खात्री नव्हती. वर्ग भरला, यासीनची जागा रिकामी. आबाजी फळ्याकडे वळला आणि सांध्याचं चित्र काढायला लागला. शास्त्राप्रमाणे फळ्यावर लिहिणंसुद्धा बसत नाही म्हणतात, पण विचारायला जवळपास रब्बी नव्हता, आणि असता तर तो स्वतःच मोठ्या अडचणीत असता. चित्र अर्धं झालं असेल, तेव्हा पाठीमागे फस्स करून आवाज झाला.

यासीन टॉर्च पेटवून उभा होता. त्याने चष्मा खाली ओढला, पत्रा पुढे घेतला, आणि आबाजीकडे न बघता म्हणाला, "शिकवा."