बेकार असल्याचा पुरावा

गोडाऊन बंद झालं की माल ट्रकने निघून जातो, किस्से मात्र आपल्या डोक्यात साचत राहतात! आमचं राहनाळचं गोडाऊन बंद पडलं आणि आम्ही सगळे पॅकर एका दिवसात बेकार झालो. पगारातून विमा कापला जायचा, म्हणून बेकारीचा भत्ता मिळेल असं कळलं. मला फॉर्म भरता येतो, त्यामुळे सगळ्यांची वरात घेऊन विम्याच्या ऑफिसात मीच जायचो.

पहिली अट, दोन वर्षं नोकरी हवी. नारपोलीच्या यास्मिनआपा सहा वर्षं एकाच टेबलावर खोकी बांधत होत्या. पण दर अकरा महिन्यांनी ठेकेदार नावापुरता बदलायचा आणि आपांना नवा विमा नंबर मिळायचा. क्लार्क म्हणाला, "मॅडम, तुमची नोकरी फक्त अकरा महिन्यांची." आपा उसळल्या, "टेबल तेच, टेप तीच, मैं भी वही! नंबर मी बदलले काय?" सगळे नंबर जोडायला आठवडा गेला.

दुसरी अट, नोकरी स्वतःहून सोडलेली नको. आणि आमच्या ठेकेदाराने शेवटच्या दिवशी मिठाईचा बॉक्स देताना कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या होत्या! त्यावर नंतर राजीनामे छापले. मी क्लार्कला विचारलं, "गोडाऊनला कुलूप लागलं, त्याच दिवशी सगळ्यांना एकदम घरची आठवण आली काय?" तो म्हणाला, "कागदावर तसंच दिसतंय." शेवटी आपांनी मोबाईलवर काढलेला गेटवरच्या 'गोडाऊन बंद' नोटिशीचा फोटो कामाला आला.

मग आमच्यातले सगळ्यात वयस्कर, पाड्यावरून येणारे जानूकाका. तिसरी अट, हजेरीचे ठरावीक दिवस भरायला हवेत. क्लार्कने विचारलं, "पावसाळ्यात हजेरी कमी का?" काका म्हणाले, "सायेब, मी भाताच्या लावनीला न्हाय गेलो तं तुमी खानार काय?" काकांचे दिवस कसेबसे भरले.

पण ओळख पटवायचं मशीन काकांचा अंगठा घेईना. वर्षानुवर्षं खोक्यांवर टेप दाबून रेघा पार झिजल्या होत्या. "माणूस समोर उभा आहे, साहेब!" मी ओरडलो. "सिस्टीमला दिसत नाही," क्लार्क म्हणाला. घरात दुसरी कमाई नाही, काल्हेरच्या गोडाऊनांत कुणी कामावर घेईना, आणि काका दर सोमवारी अंगठा घेऊन हजर. माझा संताप व्हायचा.

दोन महिन्यांनी एका सोमवारी मशीनवर हिरवा दिवा लागला. क्लार्क खूश झाला, "बघा, कसा लगेच आला! आधीच असा अंगठा आणायचा ना!"

काकांनी अंगठा उलटसुलट करून बघितला. दोन महिने टेप न दाबल्याने रेघा परत उमटल्या होत्या.

"आता भत्ता लवकर द्या, सायेब. काम लागलं तं ह्यो परत जाईल!"