मॅडमनी राखलेली खुर्ची

मॅडम सिनेमा आवाज बंद करून पाहायच्या. शंकर नगरच्या त्यांच्या भाड्याच्या घरी मी स्वयंपाकाला जायची. त्या कॉलेजात शिकवायच्या, आणि दलित साहित्य आणि जातीविरुद्धचे सिनेमे यांवर त्यांचं संशोधन चालू होतं. पलंगावर पुस्तकं, जमिनीवर पुस्तकं. जेवायलाही लॅपटॉपसमोर एकट्याच बसायच्या. "बोलणारा तर दिसतेच. मागं कोण उभं आहे ते पाहाचं," असं म्हणून चित्र मध्येच थांबवायच्या.

पोळ्या करता करता मीही दारातून पाहायची. एकदा पडद्यावर एक बाई विहिरीपासून लांब, रिकामी घागर कमरेवर घेऊन, कोणी पाणी घालेल म्हणून उभी होती. माझ्या तोंडून निघून गेलं, की रोज वाट पाहणारी बाई अशी उभी राहत नाही. घागर खाली ठेवते नि बसते. माझी माय बसायची. मॅडमनी चित्र थांबवलं. वहीत ते लिहिलं आणि खाली माझं नाव घातलं. चौथीच्या हजेरीनंतर माझं नाव कोणी वहीत लिहिलं नव्हतं.

मग त्यांनी हट्टच धरला, की हे मी त्यांच्या वर्गात येऊन सांगावं. "माझ्या तोंडून ते उसनं वाटते, ताई. तुम्हीच या." मी हो म्हटलं. चार दिवस तेवढंच मनात घोळवलं. ठेवणीतली साडी नेसले, आणि निघताना काय वाटलं कोण जाणे, मॅडमचा डबा भरून सोबत घेतला.

वर्गाच्या दारात एका मुलीने तो हसून हातातून घेतला. "दीदी, मॅडम का टिफिन है ना? मैं दे दूँगी." मी मान डोलावली आणि परत फिरले. आत मॅडमच्या टेबलाशेजारी एक खुर्ची रिकामी होती. ती कोणासाठी होती, हे मला दिसलं होतं.

संध्याकाळी मॅडम ओट्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. रागावल्या नव्हत्या. "डबा काहून आणला, ताई?"

"रिकाम्या हातानं मले कुठं जाता येत नाही," मी म्हटलं.

त्यांच्या हातात वही होती. ती त्यांनी मिटली. हे लिहिलं नाही.

उन्हाळ्यात त्यांना दुसऱ्या शहरात नोकरी लागली. पुस्तकांची खोकी मीच बांधली. आता मी घरी एकटी टीव्ही पाहते, आवाज बंद करून. मागे उभ्या असलेल्या बाईच्या हातात नेहमी काहीतरी दिलेलं असतं, ताट नाहीतर झाडू. हे सांगायला मी आता रिकाम्या हाताने गेले असते. खुर्ची राखणारं इथे कोणी नाही.