आभारप्रदर्शनाच्या वेळी घेतलेला पाठ

कोल्हापुरात कोरियन भाषेचे शिक्षक तयार करणारा दहा दिवसांचा वर्ग झाला. आम्ही अकरा प्रशिक्षणार्थी होतो. आमच्यातल्या एकानेही कोरिया पाहिलेला नव्हता. मी वर्तमानपत्रातली नोकरी सोडून या भाषेकडे वळलो होतो, म्हणून समारोपाचं प्रास्ताविक माझ्याकडे आलं.

शेवटच्या दिवशी एकच नमुना पाठ उरला होता, हुपरीच्या बाईंचा. त्यांच्या घरी चांदीचे पैंजण घडवतात. मधल्या खोलीत त्या मुलींना कोरियन शिकवायच्या. प्रमाणपत्र मिळालं तर जूनपासून गावातली शाळा त्यांना वर्ग देणार होती. कोरियाहून आलेल्या प्रशिक्षिकेचा नियम सोपा होता: पाठ पूर्ण वीस मिनिटांचा, नाहीतर तो धरला जाणार नाही. एक वाजता त्यांची गाडी विमानतळाकडे निघणार होती.

समारोप अकराला, म्हणजे पावणेबाराला सुरू झाला. कार्यक्रमपत्रिकेत पाठ ‘त्यानंतर लगेच’ होता. दीपप्रज्वलन झालं. प्रशिक्षिकेला फेटा बांधला. तो सैल निघाला म्हणून पुन्हा बांधला. मग फेटा बांधणाऱ्याचा सत्कार झाला. मला पाच मिनिटं दिली होती, मी चौदा घेतली. भाषेमुळे दोन देश जवळ येतात, हे मी तीनदा सांगितलं.

बारा पस्तीसला संयोजक दोन पानं घेऊन आभार मानायला उठले. बाई पुढे गेल्या.

“सर, आभार ऱ्हाऊ द्या. माझा पाठ ऱ्हायलाय की.”

“खुर्च्या फुकट दिल्यात त्ये पावणं समोर बसल्यात, बाई. नाव न्हाय घेतलं तर काय म्हणतील?”

बाईंनी प्रशिक्षिकेला कोरियनमध्ये बाहेर यायची विनंती केली आणि फळा उचलून व्हरांड्यात नेला. आम्ही दहाजण मागोमाग गेलो. प्रशिक्षिका फेट्यासकट आल्या.

पाठाचा विषय होता नम्र नकार. कोल्हापुरात तो उदाहरणांशिवाय शिकवावा लागतो. बाईंनी सत्काराच्या पेढ्यांचा बॉक्स एकेकापुढे धरला. समोरच्याने कोरियनमध्ये नको म्हणायचं. पहिल्या फेरीत सगळ्यांनी पेढा खाल्ला. दुसऱ्या फेरीत चौघांना नाकारता आलं. बारा अठ्ठावन्नला पाठ संपला, वीस मिनिटं पूर्ण.

संयोजकांनी दोन्ही पानं वाचली. समोर खुर्च्यावाले तेवढे होते.

बाई उत्तीर्ण झाल्या. मूल्यमापनाच्या कागदावर त्रुटींच्या रकान्यात एकच नोंद होती: पाठ चालू असताना शेजारच्या दालनात कोणीतरी सतत बोलत होतं.