पितळी रूळ

प्रवासाचा एवढा धसका आणि आगगाडीचं एवढं वेड एकाच देहात सुखाने नांदताना मी माझ्या आतेसासूबाईंशिवाय कुठेही पाहिलं नाही. बायकोची ही आत्या नंदनवन कॉलनीतल्या घरात एकटी राहते. उमरेडच्या बसमध्ये चढायचं सोडाच, बस नुसती पाहूनच तिला मळमळतं. लेकाच्या पुण्यातल्या घराची वास्तुशांत तिने फोनवरूनच उरकली. म्हातारपणी तिने बागेत खेळण्यातली रेल्वे टाकायचं काढलं, तेव्हा मी कारण विचारलं. म्हणाली, ‘‘मले गाडी लागते, जावईबापू. म्हणून गाडीलेच घरी आणून राहिली.’’

गाडी राहिली बाजूला, आधी रूळच ठरेनात. मुलीसाठी स्थळ पाहावं तशी तिची चौकशी. लेकाकडून तऱ्हेतऱ्हेचे तुकडे मागवून तिने ते पेरूखाली उघड्यावर टाकले. लोखंडी तुकडा पहिल्या पावसाळ्यातच गंजून बाद झाला. ॲल्युमिनियमचा दिसायला गोरा, पण भाजीवाल्याचा पाय पडला आणि वाकला. एकाच्या रुळांखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या मे महिन्यात पापडासारख्या तडकल्या. उरलं पितळ. ते उघड्यावर काळं पडणार हे तिला कोणी सांगायला नको होतं. जन्मभर समया घासलेली बाई. चालत्या गाडीखाली वरची कड आपसूक लखलखीत राहते, बाकी पडू द्या काळं, असा निकाल देऊन तिने पेरूपासून जास्वंदीला वळसा घालून, व्हरांड्याच्या पायरीला लागून गोल रूळ टाकून घेतले. इंजिन मात्र एकही पसंत पडेना. महिन्याभरात रूळ काळेठिक्कर झाले.

मग एका उन्हाळ्यात तिने मला बोलावून घेतलं. रुळांच्या बाजू काळ्याच होत्या, पण वरची कड गोलभर चकाकत होती. चिंच लावलीत का, असं मी विचारलं तर ती दुखावली. भर दुपारी आम्ही पायरीवर बसलो. वारा पडलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पेरूखालून टक्, टक् असा आवाज सुरू झाला. उन्हाने धातू फुगतो हे मलाही ठाऊक आहे. पण हा आवाज एकेक सांधा पुढे सरकत जास्वंदीपर्यंत गेला आणि आमच्याकडे वळला. आत्याने शांतपणे पदर आवरून घेतला. मी पाय वर घेतले.

हे कानावर जाताच लेक धावत आला. आईचं काही खरं नाही, आता तिला पुण्याला न्यायलाच हवं, असं त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं. तिचं मन राखायला त्याने इंजिनही आणलं होतं. ते त्याने रुळावर ठेवलं, तशी ती म्हणाली, ‘‘काढून घे गा ते. समोरून येऊन राहिली.’’ तो हसला, आणि मग त्यालाही ऐकू आलं. टक् टक् करत आवाज इंजिनपाशी आला आणि थांबला. शेवटी त्याने इंजिन उचलून घेतलं. आवाज पुढे निघून गेला.

जेवताना पुण्याचा विषय त्याने काढला नाही, तिनेच काढला. ‘‘मी जाईन तवा इथूनच जाईन,’’ ती त्याला वाढता वाढता म्हणाली. ‘‘सोडायले यायचं कोणाले काम नाही.’’ त्याने पानावर आडवा हात धरला.

अलीकडे दुपारी तिने फोन उचलला नाही की मी स्कूटर काढून नंदनवन गाठतो. ती व्हरांड्यात डोळे मिटून बसलेली असते. हाक मारायचा मला धीर होत नाही. श्वास चाललेला दिसला की शेजारी बसतो. थोड्या वेळाने ती डोळे उघडते, समोर मीच आहे असं पाहून जराशी हिरमुसते, आणि मग चहा ठेवायला उठते.