दस्तगीरचाचांचा ‘रिगेन’

चाचा गेल्याचा फोन त्यांच्या मुलाचा, सलीमचा आला, तेव्हा मी तंबोरा जुळवत बसले होते. फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो असा, की त्यांना एक उत्तर द्यायचं राहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अपुऱ्या उत्तरांखाली लाल रेघा ओढलेल्या बाईला हे फार लागलं.

मिरजेत सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत दस्तगीरचाचांचं एका खणाचं दुकान. आईचा तंबोरा दुरुस्तीला घेऊन मी पहिल्यांदा गेले आणि मी शाळेत इंग्रजी शिकवते हे त्यांना कळलं, तशी त्यांनी फळीवरून एक वही काढली. औषधाच्या खोक्यावर, बातम्यांत, कुठंही भेटलेला इंग्रजी शब्द डावीकडे, मधे अर्थ आणि उजवीकडे वापर. अर्थ ते कुणालाही विचारून लिहीत. वापर मात्र तो शब्द स्वतःच्या आयुष्यात नीट बसल्याशिवाय लिहायचे नाहीत. ‘पेशन्स’समोरचं वाक्य सहा वर्षांनी लिहिलं होतं, तेही तंबोऱ्याचा भोपळा वाळवण्याबद्दल. इतका चिवट विद्यार्थी मला वर्गात कधी मिळाला नाही.

दुकानाचा एक नियम होता. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानशीनं घासून आवाज मोकळा करायचा, याला जवारी लावणं म्हणतात. ती लावून झाली की चाचा तार छेडत, आणि ती पूर्ण थांबेपर्यंत गिऱ्हाइकानं तोंड उघडायचं नाही. खोट असली तर ती शेवटाला कळते, असं त्यांचं म्हणणं. भलेभले गवई त्या स्टुलावर शाळकरी पोरांसारखे गप्प बसलेले मी पाहिले आहेत.

गेल्या वर्षी चाचांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. मी बघायला गेले, तर तब्येतीचं राहिलं बाजूला, त्यांनी उशाखालून दवाखान्याचा कागद काढला. हाताच्या पकडीबद्दल लिहिलेल्या ओळीत एका शब्दाखाली रेघ होती.

“रिगेन म्हंजे काय वो बाई?”

गमावलेलं परत मिळवणं, मी सांगितलं. शुद्ध, तोल, ताबा, अशा गोष्टींबरोबर हा शब्द येतो. चाचांना ते पटेना. “कुणाकडनं मिळवायचं? तोल काय कुणी नेऊन ठिवलेला असतोय व्हय?” तीस वर्षं तो शब्द शिकवला, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मग जवारीला हा शब्द चालेल का, असं त्यांनी विचारलं. चालेल की, मी म्हटलं, तंबोऱ्याला त्याचा आवाज परत मिळाला. त्यांनी मान हलवली. “न्हाई बाई. घासलं की घोडी कमी हुती. निघतो त्यो नवा आवाज. गिऱ्हाईक म्हणतंय जुना आला, आमी गप बसतो.” वहीतली उजवीकडची जागा कोरीच राहिली.

हाताची पकड काही आली नाही. चार महिन्यांनी चाचांनी कानस डाव्या हातात घेतली आणि पहिल्या कामाला माझाच तंबोरा मागवला. दुसऱ्याचा बिघडला तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही, तुम्ही फार तर रागवाल, असं वर मलाच ऐकवलं. पूर्वी दुपारभरात होणाऱ्या कामाला अकरा दिवस लागले. हा हात जमला तर दुकानात बसायचं, नाहीतर हत्यारं मुलाच्या हाती देऊन घरी राहायचं, असं अब्बांनी ठरवलंय, हे सलीमनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. बाराव्या दिवशी मी स्टुलावर बसले. चाचांनी तार छेडली... आणि मी लगेच म्हणाले, “अगदी पूर्वीसारखा आलाय, चाचा.”

तार अजून वाजत होती. ती थांबेपर्यंत ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “फुकट मार्क दिलेसा बाई.” आवाजात राग नव्हता. मला त्यांची दया आली होती आणि त्या घाईत मी त्यांचं काम ऐकलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी हत्यारं सलीमकडे गेली.

घरी आणल्यावर मी तो तंबोरा रोज ऐकू लागले, काहीशा अपराधीपणानं आणि मग निव्वळ कुतूहलानं. पूर्वीसारखा तो नव्हताच. खर्ज भरदार झाला होता, आणि आईच्या काळी जिथं आवाज चटकन विझायचा, तिथं आता एक बारीक धागा कितीतरी वेळ टिकत होता. मला हा आवाज जास्त आवडू लागला. हे त्यांना सांगायला जायचं होतं. पण कधी पाहुणे, कधी कुणाचं लग्न, कधी माझाच संकोच... आज जाऊ, उद्या जाऊ करता करता तो फोन आला.

चाळिसावा झाल्यावर सलीम वही घेऊन आला. अब्बांनी ती बाईंना द्यायला सांगितलं होतं, म्हणाला. मी आधी ‘रिगेन’ शोधला. वापराच्या जागी पेन्सिलीनं, डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरांत दोनच शब्द होते. ‘बाईंनी ऐकल्यावर.’

काल वही शेजारी ठेवून मी तार छेडली आणि ती थांबेपर्यंत गप्प बसले. मग म्हणाले, “चाचा, जुना नाही आलेला. नवा आहे, आणि फार चांगला आहे.” नियमाप्रमाणे आता बोलायला हरकत नव्हती. खोलीत विचारणारं मात्र कुणी नव्हतं.